चार्जर काढला तेव्हा

डार्लीन नीमी आणि मी शाळेत एका वर्गात होतो. पुढे चाळीस वर्षं एकाच रस्त्यावर राहिलो. लॅपटॉप रुसला तेव्हा ती थेट लायब्ररीत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. जहाजांत लोहखनिज भरायच्या धक्क्यावरून निवृत्त झाल्यापासून मी तिथे बसतो. लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप साफ करायचे, त्यांत लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालायची आणि ते गरजूंना द्यायचे, हे माझं काम. तिचाही मीच दिलेला.

"आर्नी, तुझं हे खटारं दर वीस मिनिटांनी मान टाकतं. वाय-फाय गेलं की बंद करून चालू केल्याशिवाय येतच नाही."

"म्हातारं झालंय गं. आपल्यासारखंच."

ती हसली नाही. "बुधवारी कोर्ट आहे. ब्रियाचं."

ब्रिया तिची नात, सात वर्षांची. डार्लीनची मुलगी टेरी ऑक्टोबरात नशेच्या गोळ्या जास्त होऊन वारली, तेव्हापासून पोर आजीकडेच होती. बाप कधीच परागंदा झालेला. आता त्याच्या बहिणीने ओहायोतून ताबा मागितला होता. कोर्ट नव्वद मैलांवर आणि रस्त्यावर फेब्रुवारीतला बर्फ, म्हणून सुनावणी व्हिडिओवर होणार होती.

"मग इथूनच बोल की."

"इथे? सगळ्या गावासमोर टेरीचं काढू?"

मी लॅपटॉप ठेवून घेतला. मशीनची नोंदवही उघडली, तर दर वेळी तीच कथा. वीज वाचवायला वाय-फायचं कार्ड झोपायचं आणि हाक मारली की उठायचं नाही. त्याच कार्डाने गांजलेले लोक इंटरनेटवर डझनभर सापडले. एकाने कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुना घाल म्हटलेलं, एकाने कार्डच बदल. मी जुना आणि नवा दोन्ही ड्रायव्हर घालून पाहिले आणि शेवटी कार्डाची झोपच बंद करून टाकली. दोन दिवस लॅपटॉप माझ्या टेबलावर अखंड चालू होता. वाय-फाय एकदाही तुटलं नाही. मी खूश झालो.

न्यायला आली तेव्हा तिने विचारलं, "तरी मोडेमपासून वायर ओढून ठेवू का? भावाकडे आहे."

"कशाला? मी सांगतोय ना, आता हलणार नाही."

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास नाही होय?"

तिने वायर आणली नाही.

बुधवारी काय झालं ते तिने मला शुक्रवारी सांगितलं. प्लगजवळच्या टेबलावर उजेड कमी होता. न्यायाधीशांना तोंड नीट दिसावं म्हणून तिने चार्जर काढला आणि खिडकीपाशी जाऊन बसली. बॅटरी भरलेली होती. आधी ओहायोची बाई बोलली. मग डार्लीनची पाळी आली. ती टेरीबद्दल बोलली, ब्रिया अजून रात्री दचकून उठते त्याबद्दल बोलली, आपल्या हृदयाच्या औषधांचंही लपवलं नाही. न्यायाधीश मान कलती करून ऐकत होते. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की ती मान हलतच नाही. ती थिजलेल्या चित्राशी बोलत होती.

कोर्टाने फोन केला होता. पण सुनावणीत फोन बंद ठेवा असं नोटिशीतच होतं, आणि तिने तो बंद ठेवला होता. लॅपटॉप पुन्हा चालू करून ती परतली तेव्हा न्यायाधीश निकाल वाचत होते. आजींची बाजू अर्जात आलेली आहे, असं म्हणून त्यांनी मूल आत्याला दिलं. मार्चअखेर घेऊन जायचं.

मला कारण शोधायला दहा मिनिटं लागली. लायब्ररीच्या प्रत्येक लॅपटॉपवर मी हौसेने बॅटरी वाचवणारा एक प्रोग्राम घालतो. चार्जर निघाला की तो कार्डाला पुन्हा झोपवतो. माझ्या टेबलावर चार्जर दोन्ही दिवस लावलेलाच होता.

मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगितलं. ती पेस्टीच्या सारणासाठी बटाटे चिरत होती.

"म्हणजे मी खिडकीशी गेले म्हणून?"

"नाही. मी बॅटरीवर चालवून पाहिलंच नाही म्हणून. माझी चूक आहे, डार्लीन."

तिने सुरी खाली ठेवली. "मी तुला दोनदा विचारलं होतं, आर्नी."

"हो."

"जा आता."

फेरसुनावणीच्या अर्जाला मी माझा लेखी जबाब जोडला, मशीनची नोंदवहीही जोडली. अर्ज फेटाळला गेला. अर्जदार बोलल्या असत्या तरी वय आणि प्रकृती पाहता निकाल बदलला नसता, असं कागदावर होतं. ते वाचून मला क्षणभर हायसं वाटलं. लगेच लाजही वाटली.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ओहायोची गाडी आली. रात्री पुन्हा बर्फ पडला होता, गाडी आत येईना. डार्लीन माझ्याशी अजून बोलत नव्हती, पण मी फावडं घेऊन गेलो आणि तिच्या दारापर्यंत वाट मोकळी केली. तिने अडवलं नाही.

बॅग गाडीत गेल्यावर ब्रियाने विचारलं, "आजी, ओहायोत आपल्यासारखा वाफेचा सौना असतो का गं?"

"असतो की," डार्लीन म्हणाली, आणि ब्रियाच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

गाडी वळणापलीकडे गेली तरी ती कोटाशिवाय बाहेर उभी होती. मी तिच्या पायरीवरचा उरलेला बर्फ काढत राहिलो.