कोपऱ्यातलं अंथरूण

डोंगर खाली आला तो श्रावण लागायच्या आधी, आणि मुंबईला माळवाडीची आठवण झाली ती श्रावण निम्मा सरल्यावर. पण झाली ती भरभरून. ट्रकमागून ट्रक कपडे आले. दान देणाऱ्याला नावं ठेवू नयेत हे मान्य. तरी पोटरीभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला टाय, लग्नातली शेरवानी आणि कॉलरला केसाळ झालर लावलेला कोट पाठवताना कुणी दोन मिनिटं विचार केला असता तर काय बिघडलं असतं? उमरठच्या रस्त्याला सरकारने पत्र्याच्या अकरा खोल्या ओळीने उभ्या केल्या होत्या. त्यातली शेवटची कुणाच्या वाट्याला आली नाही, तिथे ही गाठोडी जाऊन पडली. माणसांनी धड होतं ते उचललं, उरलेल्यावर उंदरांनी ताव मारला.

तीच गाठोडी दिवाळीनंतर ललिताने पुन्हा उपसायला घेतली. जाड पडदे, लोकरीचे स्वेटर, कुठल्याशा बंगल्यातल्या सोफ्याच्या खोळी, असं काय काय ती वेचून आपल्या खोलीत नेऊ लागली. एका खोक्याच्या तळाशी तिला बायकांचं एक मासिक सापडलं, हिवाळा विशेषांक. त्यात हिवाळ्यात घर कसं सजवावं याचे रंगीत फोटो होते. गडद रंगाचे पडदे लावा, पांढरा उजेड काढून पिवळा दिवा लावा, फरशीवर गालिचा घाला, पलंगावर एकावर एक पांघरुणं रचा, जमल्यास शेकोटीजवळ एखादं मांजर ठेवा. म्हणजे मांजरसुद्धा सजावटीतच. ललिता सातवी शिकलेली. तिने तो लेख तीनदा वाचला आणि त्यातलं एक वाक्य तिच्या डोक्यात बसलं. खोलीत पाऊल टाकताच कुणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटलं पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं.

आता पत्र्याच्या खोलीत हे जमवायचं म्हणजे चेष्टा नव्हे. दहा बाय बाराची खोली, दुपारी तापते, रात्री गार पडते. थंडी सुरू झाली की पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो आणि थेंब थेंब अंगावर पडतो. ललिताने आधी पत्र्याखाली जुन्या साड्या ताणून छत केलं. भिंतींना खोक्यांचे पुठ्ठे लावले, त्यावर पडदे. जमिनीवरचा सिमेंटचा खरबरीत कोबा शेणाने सारवला, त्यावर पेंढा पसरला आणि पेंढ्यावर गालिचा. तो गालिचा महाडच्या युसुफभाईंच्या घरचा. त्यांच्याही घरात छातीइतकं पाणी चढलेलं, पण साजिदाभाभींनी तो धुऊन, वाळवून, वर भावाने दुबईहून आणलेलं वाघाच्या चित्राचं ब्लँकेट घालून पाठवला होता. ललिताचा नवरा दत्ताराम युसुफभाईंच्या टेम्पोवर कामाला होता.

शेजारपाजारच्या बायका आधी हसल्या. मग एकेक करून दुपारच्या येऊन बसायला लागल्या, कारण ओळीतल्या साऱ्या खोल्यांत तेवढी एकच खोली घर वाटत होती. पण बसायच्या त्या दाराकडच्या बाजूला. आतल्या कोपऱ्यात एक अंथरूण घातलेलं असायचं, लहान अंगाच्या माणसापुरतं, आणि तिकडे कुणी सरकायचं नाही. ते कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

माळवाडीतली नऊ माणसं गेली. आठ सापडली. नववी ललिताची अमिता, बारा वर्षांची.

त्या सकाळी अमिता अंथरुणातून उठत नव्हती. आये, थंडी वाजते गो, म्हणाली. आदल्या दिवशी शाळेतून भिजून आली होती. ललिताला म्हैस सोडायची घाई होती. पावसाळ्यात कसली थंडी, ऊठ, शेण भर, असं म्हणून तिने पोरीच्या अंगावरची गोधडी ओढून काढली आणि घडी करून वर ठेवून दिली. मग ती म्हशीला घेऊन ओढ्यापलीकडे गेली, आणि मागून तो आवाज आला. वळून बघितलं तर घर होतं तिथे लाल उतार होता. ललिताने पुढे पुष्कळ सोसलं, पण ती घडी तिला सोसली नाही. पोर थंडी वाजते म्हणत गेली, एवढंच तिच्या कानात राहिलं.

दिवाळी झाली, गारठा पडला, तेव्हा तिने कोपऱ्यात नुसतीच एक सतरंजी घातली होती. का घातली ते तिलाही सांगता आलं नसतं. दत्ताराम पहाटे चारलाच निघायचा, टेम्पो लवकर सुटतो म्हणून. साडेपाचला ललिता हातपंपावर नंबर लावायला जायची आणि तासाभराने परतायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती हंडे घेऊन आली, तर सतरंजी मध्ये चुरगळलेली. कुणी अंगाचं मुटकुळं करून निजावं तशी. तिने हात लावून पाहिला. सतरंजी गार होती, नदीतल्या दगडासारखी गार, आणि दमट. कडेला बोटभर माती लागली होती. ती माती कुठली हे ललिताला कुणी सांगायला नको होतं. तसली तांबडी माती खोल्यांच्या आसपास नव्हती, ती वर होती, कोसळलेल्या कड्यावर.

ती घाबरली नाही. लोकांना ते खरं वाटणार नाही, पण तिला आधी आनंद झाला, आणि मग लगेच रडू आलं, कारण पोर आली ती गारठलेलीच आली.

तिथून पुढे खोलीची ती सारी सजावट. सतरंजीखाली पेंढा गेला, वर गादी आली, मग वाघाचं ब्लँकेट. रोज सकाळी पाण्याहून आली की आधी हंडे खाली, मग हात अंथरुणात. गार. दोन स्वेटर उसवून तिने उशीला खोळ केली. गार. पिवळा दिवा लावला, तो रात्रभर जळत ठेवला. तरी गार, दमट, कडेला माती. अंथरुणाची ऊब जितकी वाढवावी तितकी कुणी ओढून नेतंय असं वाटायचं. मग ती गाठोड्यांकडे जाऊन आणखी काही घेऊन यायची. डिसेंबर अर्धा सरला तेव्हा खोलीत शिरल्यावर खरंच कुणी जवळ घेतल्यासारखं वाटायचं, फक्त त्या कोपऱ्यात नाही.

दत्तारामला याचं काही नव्हतं, असं तिला वाटायचं. तो पडदे बघायचा, गालिचा बघायचा आणि जेवून निजायचा. बोलला तर एकच बोलायचा. पोलादपूरच्या भटजींना विचारून आला होता. ज्याचा देह सापडत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. मग त्या जिवाला पुढची वाट मोकळी होते. भाद्रपदातच करायला हवं होतं, निदान संक्रांतीच्या आत करू, असं त्याचं म्हणणं. ललिताने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की गवताच्या बाहुलीला मी लेक म्हणणार नाही. आणि आता तर ती अजिबात ऐकणार नव्हती. थंडीने काकडणाऱ्या पोरीला वाट मोकळी करून कुठे पाठवायचं? नवऱ्याला एवढी कसली घाई झालीय या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरात दोन माणसं आणि त्यांच्यात बोलणं उरलं नाही.

शेजारच्या खोलीतल्या बनुबाईला तिने शेवटी सगळं सांगितलं. बनुबाई सत्तरीची, त्या पावसात मुलगा आणि सून दोघं गमावलेली. तिने ऐकून घेतलं, मिश्री घासून संपवली आणि म्हणाली, "पीठ टाक गो. कोण येतंय ते तरी कळंल."

माणूस गेला की तो जिथे गेला त्या जागी दहाव्याच्या आदल्या रात्री तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात आणि सकाळी उघडून बघतात. पिठावर ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल त्या जन्माला तो गेला, असं मानतात. बाकीच्या आठांचं पीठ वाडीने पाहिलं होतं. अमिताचं राहिलं, कारण ती गेली ती जागाच डोंगराखाली गेली होती. ललिताला हे पटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दत्ताराम गेल्यावर तिने अंथरुणाच्या भोवती हातभर रुंद पीठ चाळून घातलं. एवढ्या पिठावर टोपली पालथी घालता येण्यासारखी नव्हती, ती तिने घातली नाही. मग हंडे उचलून पाण्याला गेली. रांगेत तिचं लक्ष नव्हतं, हंडा भरून वाहायला लागला तरी ती दांडा मारत होती.

परत आली तेव्हा पिठावर पाऊल होतं.

चिमणीचं नव्हतं, वासराचं नव्हतं, पोरीचं तर नव्हतंच. मोठ्या माणसाचं अनवाणी पाऊल, अंथरुणाकडे जाणारं एक आणि परत फिरणारं एक. टाचेला उभ्या भेगा पडलेल्या होत्या, त्या पिठात जशाच्या तशा उठल्या होत्या. त्या टाचांना ललिता वीस वर्षं थंडीत मेण आणि तेल लावत आली होती. ती तिथेच गालिच्यावर बसली. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि कुणी फसवलं हे सांगता येईना. बनुबाईला ती एवढंच म्हणाली की पिठावर काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हंडे घेऊन निघाली आणि खोल्यांच्या मागे वळून थांबली. धुकं इतकं होतं की रस्ता दिसत नव्हता. सव्वासहाच्या सुमाराला डोंगराच्या बाजूने दत्ताराम आला. खांद्यावर पहार, गुडघ्यापर्यंत पाय लाल, अंगातला शर्ट दवाने चिकटलेला. त्याने पहार मागच्या भिंतीला टेकवली, आवाज न करता कडी काढली आणि आत गेला. ललिता थोडा वेळ तशीच थांबली. मग तीही आत गेली.

तो कोपऱ्यातल्या अंथरुणात होता. सहा फुटी माणूस त्या एवढ्याशा जागेत गुडघे पोटाशी घेऊन निजला होता. तिला बघून तो उठायला गेला, चोरी सापडल्यासारखा, आणि मग तसाच बसून राहिला.

टेम्पो सातला सुटतो, त्याने सांगितलं. चारला तो वर जातो, दिवाळीपासून रोज. घर कुठे होतं त्याचा अंदाज घेऊन खणतो. उजाडलं की थांबतो, कुणी बघू नये म्हणून. "तू बाहुली नको म्हणालीस. मग म्हटलं, तीच आणून देऊ तुला. हाड तरी," तो म्हणाला.

 इतके दिवस ललिताने ज्याला दगड म्हटलं होतं तो हा माणूस. तिने विचारलं, मग संक्रांतीचा धोशा कशाला लावला होतास?

तुझ्यासाठी, तो म्हणाला. तिचं डोकं फिरत चाललंय असं त्याला वाटत होतं. आता पुतळा करून टाकला तर निदान ती तरी सुटेल.

"कशावरनं वाटलं तुला असं?"

"अगो, तू हिथं निजतेस ना," दत्ताराम म्हणाला. "मी गेल्यावर. मी वरनं गारठून येतो, तर ह्या अंथरुणात ऊब असते. आताच कुणी उठून गेल्यावानी. म्हणून तर दोन घडी पडतो मी. पहिल्या दिवशी नुसती सतरंजी होती तरी ऊब होती."

पिवळा दिवा जळत होता. बाहेर कुणाच्या तरी खोलीत भांडं पडलं.

"मी नाय निजत," ललिता म्हणाली. "त्या अंथरुणाला मी कधी पाठ टेकली नाय. मी त्या दारापाशी असते, पाण्याला जाईस्तवर."

दत्तारामने तिच्याकडे पाहिलं, मग हाताखालच्या ब्लँकेटकडे पाहिलं आणि हात हळूच उचलून तो अंथरुणावरून खाली गालिच्यावर सरकला. तिच्या लक्षात आलं की रोज तिला गार लागायचं ते त्याचं अंग होतं, त्याच्यावरचं दव, त्याच्या पायांची माती. त्याच्या आधी तिथे काय असायचं ते तिला कधी कळलंच नव्हतं, कारण ती नेहमी उशिरा यायची.

"नक्की?" तिने विचारलं. "ऊब असते? रोज?"

"आजपण होती."

ललिता भिंतीला टेकून त्याच्या शेजारी बसली, अंथरुणाला लागणार नाही इतक्या अंतरावर. जुलैपासून तिच्या छातीत जे आवळलेलं होतं ते सुटलं, आणि ते सुटताना इतकं दुखलं की तिला पुन्हा आवळून धरावंसं वाटलं. पण तिने धरलं नाही.

"भटजीला सांग," ती म्हणाली. "संक्रांतीच्या आत करूया पुतळा. आता नाय वाजत तिला थंडी."

दत्तारामने मान हलवली, आणि टेम्पोची वेळ होईपर्यंत ती दोघं कोपऱ्याकडे न बघता तिथे बसून राहिली.