मृतांच्या रकान्यात लुपू

वेदीच्या चौथऱ्यात नावांची पेटी बसवायची होती. तिचं तांब्याचं झाकण झाळून बंद करायचं काम माझ्याकडे आलं. एरवी मी घुमटावर, साठ पुरुष उंचीवर पत्रे ठोकत असतो. पण हे काम हौसेनं घेतलं: राष्ट्राचं नवं कॅथीड्रल, गावोगावच्या आयांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या, आणि त्या गाऊन वाचणार पाद्र्यांचे साहाय्यक, कालिस्त्रात डीकन. त्यांनी नुसती नावं गायली तरी माझे डोळे भरतात.

प्रत्येक चिठ्ठीत दोन रकाने, जिवंतांचा आणि मृतांचा. आडनाव कुणी लिहीत नाही, देवाला ते लागत नाही. डीकनबाबा गात होते, "झाम्फिरा, इलारिए..." झाम्फिरा माझ्या आईचं नाव. इलारिए आमच्यात कुणी नाही. मग सूर खाली उतरला, मृतांसाठी. "वासिले, लुपू."

वासिले माझे वडील. लुपू मी.

चिठ्ठी मागून घेतली. अक्षर आईचंच. आमच्याकडे वैऱ्याचं वाईट चिंतायचं असलं की त्याचं नाव मृतांच्या रकान्यात घालतात. माझा गुन्हा एवढाच, की ईस्टरला गावी गेलो नव्हतो.

बाहेर जाऊन फोन लावला. "आई, मी मेलो का गं?"

"कुणी सांगितलं?"

"डीकनबाबांनी. गाऊन."

"चांगलं गायले का?"

मग तिनेच सांगितलं, "इलारिए तूच. बाप्तिस्म्याचं नाव. दोन महिन्यांचा होतास, निळा पडलास. खिडकीतून तुला शेजारच्या सावेताला विकलं, एका नाण्याला. लांडग्याचं नाव ठेवून परत घेतलं. लुपू. लांडग्याला मरण भितं."

"चाळीस वर्षांनी सांगतेस?"

"सांगायचं नसतं, लेका. पण आता तू त्या उंचीवर चढतोस. लांडग्याला काय पंख असतात? म्हणून लुपूला मेलेल्यांत टाकला. मरण शोधत आलंच, तर कळू दे त्याला, उशीर झाला."

"मग मला हाक कशी मारणार?"

"मारणारच नाही. घरी ये, ताट वाढलेलं दिसेल."

आत येऊन डीकनबाबांना सगळं सांगितलं. "चिठ्ठी काढू का?"

"आईनंच लिहिलीय ना?" म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं ती पेटीत ठेवली.

मी झाकण बसवून झाळ दिली, मग पुन्हा एकदा दिली. तेवढ्यात वरून मुकादम पेत्कू ओरडला, "लुपू, ये की वर. मेलास का काय?"

डीकनबाबा माझ्याकडे पाहत होते. मला ओ देता येईना.