स्लॅबवरची शाकारणी

मे महिन्यातल्या एका रविवारी दार वाजलं. उघडते तर पाच-सहा माणसं, डोक्यावर गवताचे भारे, दोघांच्या खांद्यावर बांबू. पुढे एक म्हातारी. म्हणाली, "मी कृष्णाबाई. आरेतल्या पाड्यावरची. बाळाचं घर हेच ना? शाकारायला आलोय."

मी वर बघितलं. मरोळची दोन मजली चाळ, आमची खोली वरच्या मजल्यावर आणि डोक्यावर सिमेंटचा स्लॅब. उन्हानं माझं डोकं फिरलंय की यांचं, कळेना.

बाळा म्हणजे आमचे हे. गिरणीचा संप फसला तेव्हापासून घरी. दिवसभर आरेत भटकायचे. मागच्या आठवड्यात केसांत गवताच्या काड्या घेऊन आले, आणि चक्क शीळ घालत! कुठल्या बायकोला हे बघून बरं वाटेल? माझ्या मनात नको नको ते आलं. विचारलं तर नुसते हसले.

आता म्हातारीकडून कळलं. कृष्णाबाईच्या घराचं छप्पर शाकारणं चाललं होतं. हे वाटेनं जात होते, न विचारताच वर चढले आणि पार आढ्यापर्यंत गवत बांधून दिलं. आमच्या गावची रीतच ती, मी तिला म्हणाले. शेजारी छपरावर असला की आपणही चढायचं. मजुरी नाही, उद्या तो आपल्या छपरावर येतो. पण मुंबईत हे कोण करतं?

"आमच्यातबी तसंच," कृष्णाबाई म्हणाली. "त्याचं गवताचं घर आहे म्हणाला. त्याच्या नावानं हे गवत बाजूला काढलं. आता माघारी नेलं तर पाड्यावर तोंड कसं दाखवू? आणि तो तरी कुठल्या तोंडानं येईल आमच्याकडं?"

इतक्यात हे दूध घेऊन आले. भारे बघून दारातच थिजले.

"अहो, कुठलं घर सांगितलंत यांना?"

"गावचा," हे पुटपुटले.

मला रागही आला आणि भडभडूनही आलं. गावचं घर दरवर्षी हेच जाऊन शाकारायचे. गेल्या वर्षी थोरल्या भावजींनी कौलं घातली आणि म्हणाले, "आता तू यायची गरज नाय." गिरणीनंही तेच सांगितलं होतं. तेव्हापासून हा माणूस मुका झालेला. आता पाडाही तुटला तर यांनी जायचं कुठे?

"मी खोटा बोललंय," हे कृष्णाबाईला म्हणाले. "दादान कौलां घातल्यान. माका घर नाय."

"गवत तर तुझंच आहे. कुठं घालायचं ते सांग."

"गच्चीवर चला," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

गच्चीत बांबू रोवायला माती कुठली? टाकीच्या पाइपांनाच बांधले. हे शिडीवर चढले आणि खालून वर एकेक थर बांधत निघाले. "वढ! आवळ! सैल सोडू नको!" वर्षभरात हा आवाज मी ऐकला नव्हता.

चाळमालकाचा माणूस मधुकर धावत आला. "ए, काय चाललंय? खाली ना भिंत, ना माणूस, आणि वर छप्पर? उद्या उतरवून टाकीन. राहणार कोण रे यात?"

यांचा हात थांबला. खाली बघितलं. चेहरा पुन्हा पडायला लागला.

"मी राहणार," मी म्हणाले, आणि पदर खोचून त्या अर्ध्या छपराखाली जाऊन बसले. "बांधा तुम्ही."