आजीबाईंनी भरून दिलेला डबा

या, जरा जवळ सरका. टाळ राहू द्या कोपऱ्यात, आरतीला वेळ आहे. तोवर एक गोष्ट ऐका; पोथीत नाही, पण देवाला आवडेल अशी.

आमच्या हरणी भागातल्या सोसायटीत राजेश्वरीबाई राहतात. त्यांचा सलील वार्ताहर. निघाला कुठे, तर जिथे पत्रकाराला सरकारी सोबत्याशिवाय शिंकताही येत नाही अशा देशात. संपादकांनी बजावलं, "तिथली सरकारी पत्रकं नकोत. एक तरी खरी बातमी आण, नाहीतर शेजारच्या सावली गावच्या बटाट्यांवर लिही." आईने ओलसर बटाट्याचा चिवडा डब्यात भरून बजावलं, "लिलो चेवडो घेऊन जा. आणि डबा परत आण."

आठ दिवस सोबत्याने पुतळेच दाखवले. नवव्या दिवशी एका 'सामान्य कुटुंबा'त नेलं. टेबलावर फळांची रास. घरच्या आजीबाई म्हणाल्या, "सगळं भरपूर आहे." सोबत्याने भाषांतर करून वर मानही डोलावली. सलीलने चेवडा पुढे केला. आजीबाईंनी मूठभर खाल्ला, मग आणखी मूठभर. सोबत्यानेही कर्तव्य बाजूला ठेवलं. डबा चाटूनपुसून साफ.

"डबा तेवढा द्या," सलील म्हणाला, "आई रागावेल."

आजीबाई रिकामा डबा घेऊन घुटमळल्या. हे दोघे पुतळ्यांतल्याच पुढाऱ्याच्या तसबिरीखाली फोटोला उभे राहिले, तोवर त्यांनी झाकण घट्ट लावून डबा हातात दिला.

विमानतळावर वही, फोन, कॅमेरा सगळं तपासलं, फोटो पुसले. तेलकट डब्याला कुणी हात लावला नाही.

घरी राजेश्वरीबाईंनी तो उघडला तेव्हा मी तिथेच होते. आत द्राक्षांचा घड. खंडेराव मार्केटात चाळीस वर्षं भाजी पारखलेला हात, एक मणी दाबला आणि म्हणाल्या, "अरे, ही प्लास्टिकची आहेत."

सलील ताडकन उठला. "म्हणजे ती रासच खोटी. आई, मिळाली बातमी."

"मिळाली रे. पण कुणाचा डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून त्या माउलीने घरात होतं ते घातलं. चेवडा घेऊन तिच्याकडे तुझ्याशिवाय कोण गेलं होतं? छापलंस तर पहिलं दार तिचंच वाजेल."

सलीलने घड परत डब्यात ठेवला. मग संपादकांना फोन केला. "साहेब, तिथे सगळं भरपूर आहे."

"सारू, ठीक आहे. बटाटेही भरपूर आहेत. सोमवारी सावलीला नीघ."

घड आता बाईंच्या देवघरात बाळकृष्णापुढे असतो. देशाचं नाव मला विचारू नका. फक्त कुणाचा डबा परत देताना त्यात चिमूटभर साखर घालाल, तेव्हा त्या आजीबाईंची आठवण काढा.