तोंडी हुकूम

आयझिरेक बिश्केकमधल्या एका मोबाइल कंपनीची मुख्य वकील. टॉवरचे करार, परवाने, संसदेत येणाऱ्या विधेयकांवर हरकती, हे तिचं रोजचं काम. त्या दुपारी संचालक सोवेतबेकनी तिला बोलावलं, तर त्यांच्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसलेला.

"हे ओरोझोव. वरून आलेत," सोवेतबेक उभ्यानेच म्हणाले.

खोऱ्यात सोन्याच्या खाणीविरुद्ध लोक चौकात जमले होते. पोलिसांनी वेढा घातला होता.

"तिथलं नेटवर्क बंद करा," ओरोझोव म्हणाला. "फोनसकट. आत्ता."

"लेखी हुकूम द्या. कायद्यात तसंच आहे."

"तुमचा परवाना लवकरच संपतोय. तेही कायद्यातच आहे ना, बाई?"

सोवेतबेकनी मानेवरचा घाम पुसला. "आयझिरेक, थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे."

ती सोवेतबेकना 'बाइके', म्हणजे दादा, म्हणायची. "बाइके, तेवढ्यात कुणाला गोळी लागली तर रुग्णवाहिका कशी बोलावतील? आणि उद्या चौकशी झाली, तर हे साहेब इथे आलेच नव्हते. नाव तुमचं येईल."

ओरोझोव हसला. "तुमची धाकटी बहीण त्या चौकात आहे. म्हणून एवढा कायदा आठवतोय, नाही का?"

हे तिने ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आहे. नसती तरी हेच म्हटलं असतं." बोलताना तिची तिलाच खात्री वाटेना.

सोवेतबेक ओरोझोवकडे वळले. मग म्हणाले, "साहेब, सहीचा कागद आणा. मी स्वतः बंद करतो."

ओरोझोव दार आपटून गेला. कागद आलाच नाही.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. बहीण कुजबुजत होती, "एजे, ताई गं, आम्हाला गाडीत कोंबलंय. कुठे नेतायत कळत नाही."

"बाहेर काय दिसतंय?"

"नदी... पूल... आता दूधडेअरी."

"फोन बंद करू नकोस. खिशात ठेव, पण चालू ठेव."

त्या खुणांवरून ठाणं ओळखून आयझिरेक गाडी पळवत खोऱ्यातल्या पोलीसठाण्यावर पोचली. "अशी कुणी बाई इथे नाही," हवालदार म्हणाला. तिने आपला फोन त्याच्यासमोर धरला. आत बहिणीच्या खिशातला फोन अजून चालू होता; त्यातून त्याचाच आवाज ऐकू आला. तो ओशाळला आणि त्याने दार उघडलं.

बहीण सुटली, तिच्याबरोबरच्या बायकाही सुटल्या. कंपनीचा परवाना वाढला, पण आयझिरेकची नोकरी गेली. आता ती पकडलेल्यांचे खटले लढते. सोवेतबेक कधीमधी फोन करतात. बोलणं मात्र हवापाण्यापुढे जात नाही.