गळ्यातलं पोटात

पॅथॉलॉजिस्टबाईंनी मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि त्या चक्रावल्याच. बाटलीवर लिहिलं होतं अंडाशयाची गाठ, आणि समोर दिसत होती गुलाबी रसाने भरलेली गोल गोल घरं. असं दृश्य गळ्यातल्या थायरॉइडचं. पोटात त्याचं काय काम?

नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? त्यांनी सगळं पुन्हा पडताळलं. गाठ बाटलीवर नाव असलेल्या बाईचीच होती. पोटात पाणी झालेलं, कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीचे आकडे वाढलेले. सर्जनने ऑपरेशनआधीच नवऱ्याला कॅन्सरची कल्पना देऊन ठेवली होती.

पॅथॉलॉजिस्टबाई सहसा पेशंटला भेटायला जात नसत. त्या दिवशी मात्र उठल्या आणि थेट वॉर्डात गेल्या. नवरा शिंपी. गळ्यातला टेप काढायचंही भान न राहिलेला तो बायकोच्या उशाशी बसला होता.

"यांचे हात थरथरायचे का हो?" बाईंनी त्याला विचारलं.

"थरथरायचे म्हणजे? वर्षभर हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. दरदरून घाम यायचा, छातीत धडधडायचं. चिडचिडीचं तर विचारूच नका. गळा तपासून घेतला, पण तिथे काहीच सापडलं नाही."

"मला अजून थोडं बघू द्या. तोवर मनाने काही ठरवून टाकू नका."

त्यांनी गाठीचे आणखी तुकडे तपासले, खास रंग देऊन पाहिले. शंकेला जागा उरली नाही. पोटातल्या पाण्यातही वाईट पेशी नव्हत्या. सर्जनला सांगून त्या पुन्हा वॉर्डात आल्या.

"कॅन्सर नाही," आधी तेवढंच बोलल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "फार क्वचित अंडाशयात अशी थायरॉइडसारखी गाठ वाढते. गळ्यातल्या ग्रंथीचं काम ही पोटात बसून करत होती, तेही नको इतकं. म्हणून ते कापरं, ती धडधड."

"आणि मी चिडायचे ते?" बायकोने क्षीण आवाजात विचारलं.

"तेही त्यामुळेच."

"ऐकलंत? वर्षभर मला भांडकुदळ म्हणत होतात!"

शिंपी हसायला गेला आणि त्याला रडूच कोसळलं. "चुकलंच गं माझं. तुझी कटकट नको म्हणून दुकानातच झोपायला लागलो होतो मी."

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"आता घरी ये. सगळं शांत होईल," तो डोळे पुसत म्हणाला.

"एवढीही आशा धरू नका," ती म्हणाली. "सगळंच काही त्या गाठीचं नव्हतं. थोडं माझं स्वतःचंही होतं."

पॅथॉलॉजिस्टबाईंना हसू आवरेना. लॅबमध्ये कामाचा ढीग पडला होता, तरी त्या आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या.