हाकेची पट्टी

"हाक मार बघू, बाळ," गुंडोराव म्हणाले.

"कुणाला?" मुलीनं विचारलं.

"अक्काला मार. ती परसात आहे, तू माडीवर आहेस, आणि चुलीवर दूध उतू चाललंय."

मुलगी लाजली. तिची आई हसत दुकानाची पायरी उतरली आणि रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी राहिली. मग मुलीने खरोखरच दूध उतू चालल्यासारखी हाक मारली. बंगळूरच्या बळेपेटेतल्या त्या गर्दीत दोन हमाल वळून पाहू लागले. गुंडोरावांनी मागच्या फळीवरून एक श्रुतिपेटी काढली, भाता हलवला, आणि हाक जिथे थांबली होती तिथूनच सूर सुरू झाला.

"ही न्या," ते म्हणाले. "काळी चारची पट्टी. हिच्या गळ्याला कुठंही ओढावं लागायचं नाही."

श्रुतिपेटी म्हणजे काही हार्मोनियम नव्हे, की आज या पट्टीत गायलं आणि उद्या त्या. गाणाऱ्याच्या मागे एकच सूर धरून बसणारी ती पेटी. करणाऱ्याने ज्या पट्टीत केली त्या पट्टीत ती जन्मभर बोलणार, आणि जिच्या घरी गेली तिला तिथेच गावं लागणार. म्हणून ती निवडताना गुंडोराव मुलीला गायला सांगत नसत. गाताना माणूस नटतो, हाक मारताना नटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या हाकेपायी मल्लेश्वरमपासून बसवनगुडीपर्यंतची माणसं त्यांच्याकडे येत. कंटोन्मेंटमधल्या मडमा पियानोच्या नोटेशनचे कागद मागायला येत, तेव्हा मात्र गुंडोरावांची पंचाईत होई, कारण त्या कागदांवरची टिंबं त्यांना वाचता येत नसत. मग ते बाईंची बोटं पाहत आणि आखूड असली तर पातळ वही पुढे करीत. वीणेच्या तारा न्यायला आलेल्यांना पहिली तार एक जास्तीची घ्या म्हणत, नव्याने व्हायोलिन धरणाऱ्याला राळ कमी लाव म्हणून बजावत. दुकानाच्या मालकांना वाद्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गिऱ्हाइकांतलं चांगलं कळत होतं. त्यांनी गुंडोरावांना गल्ल्याजवळ खुर्ची दिली होती आणि त्यांच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं.

माय-लेकी पेटी घेऊन गेल्या तसे गुंडोराव खुर्चीत बसले. त्यांचं लक्ष दुकानात नव्हतं. ते रविवारपाशी अडकलं होतं.

मागच्या रविवारी यशवंतपूरचे नरसिंहराव बायको-मुलाला घेऊन गुंडोरावांच्या लेकीला, नीरजेला पाहायला आले होते. रेल्वेच्या माल कचेरीत हेडक्लार्क, माणूस भला. मुलगा विश्वेश्वर, त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. नीरजेची तिशी उलटली होती. टेलिफोनच्या कारखान्यात ती दिवसभर वायरी जोडत बसे. हे स्थळ गेलं तर पुढचं येणार नाही, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कोणी बोलून दाखवत नव्हतं. विश्वेश्वराला मुलगी आवडली. पण त्यांच्या घरी गौरीपुढे सुनेने गायचं असतं, पिढ्यान्‌पिढ्या, त्यामुळे आवाज ऐकल्याशिवाय कुंकू लावता येत नव्हतं.

नीरजेला गाता येत नव्हतं. तिला आवाजच उरला नव्हता. बोलली की आतून हवा निघे आणि तिच्यात शब्द कसेबसे तरंगत. डॉक्टरांनी घशात आरसा धरून पाहिलं होतं, गाणं कायमचं बंद करा म्हणाले होते, त्यालाही आता किती वर्षं झाली. म्हणून तिच्या आईने, अनुसूयाबाईंनी, त्या दिवशी लेकीच्या गळ्याला मफलर गुंडाळला आणि पाहुण्यांना सांगितलं, "स्वल्प सर्दी झालीय हो तिला. बंगळूरची हवा, ठाऊकच आहे तुम्हाला."

"सरी, सरी," नरसिंहराव म्हणाले होते. "घसा मोकळा होऊ दे. पुढच्या रविवारी येतो, देवाचं एक देवरनाम ऐकतो आणि कुंकू लावूनच जातो."

पुढचा रविवार आता तोंडावर आला होता. "पुन्हा सर्दीच सांगायची," अनुसूयाबाई म्हणत होत्या. "दोनदा पाहिल्यावर माणसं एवढी अडून बसत नाहीत. कुंकू लागलं की मग काय ते सांगू."

गुंडोरावांनी मान डोलावली होती.

"गुंडोराव आहेत का?"

त्यांनी वर पाहिलं. पायरीवर नरसिंहराव उभे होते. बरोबर त्यांची धाकटी मुलगी प्रतिमा होती, बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. नकार सांगायला आले असावेत, असंच गुंडोरावांना वाटलं.

"म्हटलं, घरचं माणूस असताना दुसऱ्या दुकानात कशाला जायचं?" नरसिंहराव बाकावर बसत म्हणाले. "हिला गाण्याला घातलंय. मास्तरांनी श्रुतिपेटी आणायला सांगितलीय. बरं, नीरजेचा घसा कसा आहे?"

'घरचं माणूस' हे दोन शब्द गुंडोरावांच्या कानात मधासारखे उतरले. ते उठले, समोरच्या हॉटेलातून काफी मागवली, उगाचच फळी झटकली.

"आहे. बरा आहे आता."

"मग रविवार पक्का. आमच्या घरात सगळ्यांना पसंत आहे. गाणं म्हणजे आपलं रिवाजापुरतं."

गुंडोरावांना वाटलं, देव अजून आपल्याकडे बघतोय. ते प्रतिमेकडे वळले. "बाळ, अण्णांना हाक मार. ते स्टेशनात गाडीत चढलेत आणि डबा विसरलेत."

प्रतिमा लाजली नाही. तिने छाती भरून हाक मारली, "अण्णा!"

गुंडोरावांचा हात फळीवर तसाच राहिला. जाड, भरलेली, जमिनीवरून चालत आल्यासारखी ती हाक. पांढरी तीन, काळी चारच्या बरीच खालची. त्यांनी ती हाक यापूर्वी ऐकली होती. आपल्याच घरातून, रोज, संध्याकाळी कामावरून परतताना गल्लीच्या तोंडापर्यंत येणारी. नीरजा तेव्हा एवढीच होती.

त्यांनी खालच्या कप्प्यातून पांढरी तीनची पेटी काढली. असल्या पेट्या क्वचित जात, तिच्यावर धूळ होती. भाता हलवला.

"हे काय?" नरसिंहराव म्हणाले. "हा तर पुरुषाचा सूर. मुलीच्या जातीला बारीक आवाज शोभतो. मास्तर म्हणाले, मुलींना काळी चार देतात. तीच द्या."

"तिची हाक इथं आहे," गुंडोराव म्हणाले.

"हाकेचं काय घेऊन बसलात? सवयीनं चढतो आवाज. उद्या हिलाही कुणी बघायला येणार. म्हशीसारखी हंबरली तर कसं व्हायचं?" ते स्वतःच हसले.

हे वाक्यही गुंडोरावांनी ऐकलं होतं. अनुसूयाबाई म्हणाल्या होत्या ते, अगदी जवळजवळ असंच, आणि त्यांनी ते मानलं होतं. लोकांच्या मुलींना पायरीवर उभं करून हाका मारायला लावणारा हा माणूस, स्वतःच्या मुलीची पट्टी त्याला तिच्या बोबड्या वयापासून तोंडपाठ होती, आणि तरी तो तिच्यासाठी काळी चारची पेटी घेऊन घरी गेला होता. का, तर पाहायला येणाऱ्यांच्या कानाला बरं वाटावं म्हणून. नीरजेने तक्रार केली नाही. अण्णांनी आणलेली पेटी चुकीची असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. ती वर चढायची, घसा धरायची, मिठाच्या गुळण्या करायची आणि पुन्हा चढायची. अण्णा शेजारी बसून म्हणायचे, येईल, येईल. वर्षामागून वर्षं असं चाललं. मग एका पहाटे काहीच आलं नाही.

गुंडोरावांनी काळी चारची पेटी काढून प्रतिमेपुढे ठेवली. रविवार पक्का होता. कुंकू लागणार होतं. त्यांनी भाता हलवला आणि म्हणाले, "गा."

प्रतिमा गायली. सा लावला, तो लागला. पण वरच्या पंचमाला जाताना तिची मान उंच झाली, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या आणि सूर फाटला. तिने खाकरून घसा साफ केला, दोन बोटं गळ्याला लावली आणि पुन्हा चढू लागली. न सांगता, मुकाट्याने.

त्या दोन बोटांपुढे गुंडोरावांचं काही चाललं नाही.

"नको," ते म्हणाले. भाता थांबला. "नरसिंहराव, हिला ही पेटी देऊ नका. हिचा गळा जाईल."

"काहीतरीच. सगळ्या मुली हीच वापरतात."

"सगळ्यांची हाक तिथं असते. हिची नाही." त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली. "माझ्या नीरजेची पण नव्हती. मी तिला हीच पट्टी दिली. तिचा आवाज गेला तो त्यानं."

नरसिंहरावांच्या हातातला काफीचा पेला अर्ध्यावर थांबला. त्यांनी गुंडोरावांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर गुंडोरावांना सोपं गेलं असतं.

"म्हणजे सर्दी नव्हती?" त्यांनी विचारलं.

गुंडोरावांनी पेटीचा भाता मिटवला.

"परत यायचा नाही आवाज?"

"नाही."

नरसिंहरावांनी पेला हळूच खाली ठेवला. "सांगायला हवं होतं हो," ते म्हणाले. "आम्ही काय परके होतो?" मग ते उठले, उपरणं सारखं केलं. "रविवारी यायचं जमेलसं दिसत नाही. घरी सांगा."

"सांगतो. पण मुलीला पांढरी तीन न्या. माझ्यावर राग असला तरी ही न्या."

नरसिंहराव क्षणभर विचारात पडले. ज्याच्या घरी लेकीची खोटी सर्दी सांगितली गेली त्याच्या बोलण्यावर किती विसंबायचं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी मालकांकडे पाहिलं.

"यजमानरे, ही काळी चारची बांधून द्या."

मालकांनी पहिल्यांदाच गुंडोरावांच्या कामात तोंड घातलं. "गुंडोराव, गिऱ्हाईक मागतंय ते द्या."

पेटी गुंडोरावांनीच बांधली. ते काम त्यांचंच होतं. कागद, वर सुतळी, धरायला एक फास. प्रतिमेने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि गुंडोरावांना म्हणाली, "येते हं, काका." त्या जाड, गोड आवाजात. गुंडोराव वळून फळी पुसू लागले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा नीरजा कामावरून येऊन तांदूळ निवडत बसली होती. रविवारची सवय व्हावी म्हणून अनुसूयाबाईंनी तिच्या गळ्याला मफलर आत्तापासूनच गुंडाळून ठेवला होता. गुंडोरावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसून सांगायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

अनुसूयाबाई मटकन खाली बसल्या. "तोंड मिटून राहता आलं नाही तुम्हाला? कोण कुठली त्यांची पोरगी. आपली ही समोर बसलीय, ही दिसली नाही?"

"दिसली," गुंडोराव म्हणाले. "म्हणूनच बोललो."

नीरजेने ताटातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. मग तिच्या त्या हवेच्या आवाजात विचारलं, "तिनं कुठली नेली, अण्णा?"

"काळी चार."

नीरजेने आणखी एक खडा वेचला. "मग सांगून काय झालं?"

गुंडोरावांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"माझी कुठली होती?" तिनं विचारलं.

"पांढरी तीन."

"तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

तिने गळ्याचा मफलर सोडवला, नीट घडी केला, आईच्या मांडीवर ठेवला आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिचा गळा आता उघडा होता. गुंडोरावांना तो बघवला नाही.

ते पुढच्या खोलीत जाऊन बसले. कोपऱ्यात त्यांची जुनी हार्मोनियम होती, दुकानातून टाकून दिलेली, ठिकठिकाणी कापड चिकटवलेल्या भात्याची. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून त्यांनी ती पुढे ओढली. आत भांडी वाजली, फोडणीचा वास आला. अनुसूयाबाई भिंतीला टेकून तशाच बसून होत्या.

काही वेळाने आतून नीरजेने हाक मारली, "अण्णा, पान वाढलंय."

गुंडोरावांचा हात सवयीनेच भात्यावर गेला. त्यांनी पांढरी तीन दाबली. ही नव्हती. पांढरी दोन दाबली, मग एक, मग काळ्या, मग अगदी खालच्या सप्तकात उतरले. एकेक पट्टी दाबून ते कान देत राहिले.

"अण्णा," नीरजेने पुन्हा हाक मारली.

त्यांनी वरच्या पट्ट्याही पाहिल्या. मग बोटं उचलली. चिकटवलेल्या भात्यातून तेवढी हवा आवाज न करता बाहेर गेली, आणि ते जेवायला उठले.